अपुरा हिशेब

९ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर गिरणी कामगारांचा मोर्चा जमला होता. आपल्याला मुंबईतच घर मिळावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, दूरचित्रवाणीवर दृश्ये दिसली आणि एक-दोन दिवसांत ती मागे पडली. या मागणीमागे सत्तरी ओलांडलेले कामगार आहेत, आणि जे कामगार हयात नाहीत त्यांच्या विधवा व मुले आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘वारस’ म्हणतात. वारसा बहुधा जमिनीचा, घराचा, चार दागिन्यांचा असतो. गेलेल्या नोकरीचाही वारसा असू शकतो, हे या शब्दामुळे प्रथमच आमच्या ध्यानी आले.

एखाद्या तरुण वाचकाला प्रश्न पडला असेल : संप १९८२ सालचा, मग त्रेचाळीस वर्षांनंतर हे लोक अजून मोर्चे का काढतात? नोकरी गेली हे वाईट झाले, परंतु माणूस दुसरी नोकरी शोधतो, संसार पुन्हा मार्गी लावतो. जखम भरून यायला काही वर्षे लागतात, चाळीस वर्षे लागत नाहीत. हा प्रश्न आम्हांला रास्त वाटतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे असे वाटले.

इतिहास थोडक्यात असा. दिवाळीच्या बोनसवरून १९८१ च्या अखेरीस असंतोष उफाळला आणि १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि ज्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे एकाच संघटनेला मान्यता मिळत होती तो कायदा रद्द करणे, या प्रमुख मागण्या होत्या. संप वर्षाहून अधिक काळ चालला आणि तो मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही. नेत्याचे चुकले की मालकांचे, की दिल्लीच्या ताठर भूमिकेचे, यावर आजही वाद होतात. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती आणि कापडाचे काम यंत्रमागांकडे आधीच सरकू लागले होते, हेही खरे. तो वाद आज बाजूस ठेवू. हजारो कामगारांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकून कामाला निघण्याची वेळ आली नाही, एवढे येथे पुरेसे आहे.

गिरणगावात ‘हिशेब घेणे’ असा एक शब्दप्रयोग रूढ होता. नोकरी संपली की कामगार कार्यालयात जाऊन आपला हिशेब घेई. सही किंवा अंगठा झाला की गिरणीच्या लेखी तो माणूस संपला. हा हिशेब करतात कसा, ते जरा पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीत गेलेल्या कामगारास पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, अशी भरपाई ठरवून दिली. विसाव्या वर्षी गिरणीत लागलेला आणि चाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेला साचेवाला घ्या. वीस वर्षे गुणिले पंधरा दिवस म्हणजे तीनशे दिवस, अर्थात दहा महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी वेगळे, पण ती त्याने केलेल्या सेवेचीच राखून ठेवलेली कमाई होय. नोकरी गेल्याची म्हणून जी भरपाई आहे, ती दहा महिन्यांची.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील कारखाने १९८० च्या दशकात बंद पडले, तेव्हा तेथील जुन्या, कायम कामगारांचे पुढे काय झाले याचा अभ्यास जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की नोकरी जाऊन सहा वर्षे लोटल्यावरही या कामगारांची कमाई पूर्वीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी होती. बहुतेकांना दुसरे काम मिळाले होते, पण पूर्वीचा पगार मिळाला नव्हता. आपल्या साचेवाल्याला हेच माप लावून पाहू. साठाव्या वर्षापर्यंत त्याची वीस वर्षे उरली आहेत. दरवर्षी पगाराचा चौथा भाग बुडाला आणि तसाच बुडत राहिला असे धरले, तर एकूण तोटा पाच वर्षांच्या पगाराइतका होतो. हातात पडले दहा महिने. ही आकडेमोड केवळ समजण्यापुरती आहे, कारण पेन्सिल्व्हेनियातील कामगाराला सरकारी बेकारभत्त्याचा थोडाफार आधार होता आणि आपल्याकडे १९८२ साली तसे काहीच नव्हते. आणि संपकऱ्यांपैकी पुष्कळांना ते दहा महिनेही वेळेवर मिळाले नाहीत. पुढे काही गिरण्यांतून स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. त्यांतील ‘स्वेच्छा’ कोणाची, हे विचारण्याची सोय नव्हती.

म्हणजे मूळ गफलत हिशेबाच्या दिशेत आहे. कायदा मागे वळून पाहतो आणि केलेल्या सेवेची वर्षे मोजतो. कामगाराचा तोटा पुढे असतो, न मिळणाऱ्या वर्षांत.

हा तोटा इतका लांबतो का? साचाखात्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाचे कसब त्याच्या कानात आणि बोटांत असते. मागाच्या आवाजावरून त्याला बिघाड कळतो. त्या कसबाला गिरणीत मोल होते, गिरणीबाहेर नव्हते. ज्यांना आपल्याच धंद्यात राहायचे होते त्यांनी भिवंडीचे यंत्रमाग गाठले. तेथे साचाही होता आणि कापडही होते, परंतु बारा तासांची पाळी, कामावर मिळणारी मजुरी, आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा किंवा भरपगारी रजा यांचा पत्ता नाही. जे त्या वाटेला गेले नाहीत ते रखवालदार झाले, हातगाडीवर भाजी विकू लागले, कोणी गावी परतून दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. कालचा कायम कामगार आज रोजंदारीवर आला, आणि एकदा त्या पायरीवर उतरलेल्याला वर चढणे फार थोड्यांना साधले.

त्याच्याबरोबर आणखी कोण कोण उतरले, हे मात्र कोणत्याच कागदावर आले नाही. गिरणी कामगारांत कोकण आणि घाटावरचे बहुसंख्य. एकेका खोलीत गावकरी पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत जात. या खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या. संपाच्या काळात याच खानावळवाल्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. ज्याच्याकडे उधारी राहिली तो कामगार कामावर परतला नाही, तर ती वसूल कोणाकडून करायची? खानावळवालीचे नाव कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हते, म्हणून तिला हिशेबही नव्हता. तिकडे गावात दर महिन्याला येणारी मनीऑर्डर थांबली. घराची कौले, बहिणीचे लग्न, म्हाताऱ्याचे औषध, सारे त्या मनीऑर्डरीवर चालत असे. मुंबईतला एक पगार थांबला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, साताऱ्याकडची एक चूलही मंदावे.

आरोग्याची गोष्ट त्याहून वाईट. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने फुप्फुसाचा एक विकार जडतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. मागांच्या खडखडाटाने कान जातात ते निराळेच. कामगार विमा योजनेत हा फुप्फुसविकार व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. परंतु विम्याचे संरक्षण नोकरीला बांधलेले असते. नोकरी गेली की काही काळाने ते संपते, आणि उपचारांची गरज उतारवयात वाढते. गिरणी माणसाच्या छातीत राहते, दवाखान्याचे कार्ड मात्र रद्द होते. नोकरी जाण्याचा आयुर्मानावर काय परिणाम होतो, हे सुलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी २००९ साली पेन्सिल्व्हेनियातील नोंदींवरूनच तपासले. चाळिशीत नोकरी गेलेल्यांचे आयुष्य एक ते दीड वर्षाने घटते, असा त्यांचा अंदाज आहे. हे वाचताना आम्ही काही क्षण थबकलो. पगाराची भरपाई कमी-जास्त होईल, दीड वर्षाची कशी करणार?

नोकरी गेल्यावर वेळ हाती राहतो, आणि या रिकाम्या वेळाचे काय होते यावर सर्वांत जुना व सर्वांत बोलका अभ्यास एका कापड गिरणीच्याच गावाचा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव आहे. तेथील गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तेथील जीवन जवळून पाहून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आता वेळच वेळ आहे तर लोक वाचतील, सभा-मंडळांत रमतील, असे वरकरणी वाटते. घडले उलटेच. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तके नेणे जवळजवळ निम्म्यावर आले. रस्त्यावरून पुरुष हळू चालू लागले, चालता चालता थांबू लागले. दिवसभरात काय केले, हे त्यांना सांगता येईना. स्त्रियांना मात्र घरकाम होतेच, त्या पूर्वीसारख्याच लगबगीने चालत होत्या. आपल्याही धर्मग्रामांत नोकरी गमावलेला एखादा पुरुष हळूहळू पारावर येईनासा होतो, संघटनांच्या सभा टाळू लागतो, रविवारी मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जातो. आपण त्याला आळशी किंवा तुसडा म्हणून मोकळे होतो.

मुलांविषयी दोन शब्द. कॅनडात केलेला २००८ सालचा एक अभ्यास सांगतो की कारखाना बंद पडल्याने ज्यांच्या वडिलांची नोकरी गेली, ते मुलगे मोठेपणी इतरांपेक्षा सुमारे नऊ टक्के कमी कमावत होते. गिरणगावात दहावीनंतर शिक्षण सोडून कामाला लागलेले मुलगे घरोघरी होते, आणि चुकीच्या वाटेला लागलेलेही काही होते. जयंत पवार यांच्या १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘अधांतर’ या नाटकात गिरणगावातल्या अशाच एका घराची कथा आहे. ज्यांनी ते पाहिले त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आता जमिनीकडे वळू, कारण हिशेबाची खरी तऱ्हा तेथे उघड होते. गिरण्या मध्य मुंबईत सुमारे सहाशे एकरांवर पसरल्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीमालकांना जमीन विकसित करण्याची मुभा दिली. ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. त्यामुळे लोकांच्या वाट्याची जमीन फार आक्रसली. उच्च न्यायालयात २००५ साली हा बदल टिकला नाही, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २००५ च्या लिलावात दादरच्या कोहिनूर गिरणीची जमीन ४२१ कोटी रुपयांना गेली. ही किंमत ठरली कशावरून? उद्या तेथे काय उभे राहील आणि त्यातून किती उत्पन्न येईल, यावरून. जमिनीचे मोल पुढची वर्षे मोजून ठरले. त्याच जमिनीवर राबलेल्या माणसाचे मोल मागची वर्षे मोजून ठरले होते. दोन्ही व्यवहार कायदेशीरच होते.

कामगारांच्या चळवळीच्या रेट्याने त्या जमिनीवर घरे देण्याचे ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेल्यांना पात्र धरण्यात आले. दीड लाखाहून अधिक अर्ज आले. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. २०१६ मध्ये दोन आणि २०२० मध्ये आणखी एक मोठी सोडत झाली, तेव्हा सारी मिळून घरे जेमतेम सोळा हजारांच्या घरात गेली. २०१६ मध्ये पनवेलजवळ कोन येथील घरे ज्यांना लागली, त्यांची घरे करोनाच्या साथीत विलगीकरणासाठी वापरली गेली आणि किल्ली हातात येण्यास अनेक वर्षे गेली. २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथील सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे आली. कर्जतच्या गाडीने तिकडे जाऊन पाहावे, म्हणजे लालबाग-परळमध्ये आयुष्य गेलेल्यांना त्या घरांविषयी काय वाटते हे कळेल. आझाद मैदानावरील मोर्चा त्याच अस्वस्थतेतून निघाला होता.

येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. संपापूर्वी अवघे चार महिने, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमाविषयीचे ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. त्यात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला आहे. पगार देतो तो प्रत्यक्ष मालक. ज्या धोरणांमुळे, कायद्यांमुळे आणि व्यवहारांमुळे कामगाराचे भवितव्य ठरते ते राबवणारे शासन व संस्था हे अप्रत्यक्ष मालक, आणि बेकारांच्या निर्वाहाची जबाबदारी त्यांच्यावरही येते, असे पोप महोदय सांगतात. अडीच लाख कामगारांचे भवितव्य टांगणीला लागले तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी हे पत्र उघडले होते? आम्ही हा प्रश्न स्वतःलाही विचारीत आहोत. गिरणगाव आपल्याला दूरचे वाटले. पुढे चाळीतली खोली विकून निघालेली पुष्कळ कुटुंबे नालासोपारा आणि विरारला येऊन राहिली आणि आपली शेजारी झाली.

गिरण्या गेल्या, पण विषय जुना झालेला नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली आणि हजारो सुशिक्षित कर्मचारी एका रात्रीत घरी बसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला, तोवर साडेपाच वर्षे लोटली होती. टाय लावणाऱ्या माणसाचा हिशेबही अडकतो, हे त्यातून दिसले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता तीनशेंपासून पुढे आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांना जुने बंधनही क्वचितच लागू पडे, मग नव्याची काय कथा. कपातीत गेलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचे वेतन देणारा निधी संहितेत आहे. दिशा बरोबर आहे, कारण येथे प्रथमच पुढे पाहिले गेले आहे. पण पंधरा दिवसांत चाळीस वर्षांचा माणूस काय शिकेल, याचे उत्तर आम्हांला सुचत नाही.

२०१८ पासून कामगार विमा योजनेत अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. विमा उतरवलेल्या कामगाराची नोकरी गेल्यास, अटी पूर्ण होत असल्यास, तिच्यातून मदत मिळते. आरंभी ती सरासरी वेतनाच्या पंचवीस टक्के होती, करोनाकाळात पन्नास टक्के झाली आणि जास्तीत जास्त नव्वद दिवसांपुरती असते. अशी योजना आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्यांच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जात होती, अशा कोणाची नोकरी गेली असेल तर धर्मग्रामातील जाणत्या मंडळींनी त्याच्याबरोबर विमा कार्यालयात जाऊन चौकशी करावी. पहिल्या महिन्यात तांदळाची पिशवी आणि विचारपूस घेऊन आपण सारेच जातो. मदत खरी हवी असते ती मुलाच्या अकरावीच्या प्रवेशावेळी, आणि तोवर आपण ते घर विसरलेले असतो. संत विन्सेंट दि पॉल संस्थेच्या शाखांनी अशा घरांची नोंद किमान पाच वर्षे ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

आणि ज्यांचे वडील, आजोबा वा सासरे मुंबईच्या गिरणीत होते, त्यांनी घरातील जुनी पेटी एकदा उघडून पाहावी. गिरणीचे ओळखपत्र, लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची पावती, कामगार विम्याचा क्रमांक, यांपैकी जे सापडेल ते जपून ठेवावे. घराच्या पात्रतेची छाननी याच कागदांवरून होते. गिरणी आता उभी नाही आणि तेथले कार्यालयही नाही. तो माणूस तेथे कामाला होता याचा पुरावा बहुधा घरच्या ट्रंकेतच असेल.